साधी धार की दातेरी धार? शिबिराला कोणता चाकू न्यावा



थंडी सुरू झाली की शाळांच्या क्षेत्रभेटी, स्काऊट-गाईडची शिबिरं, शेतावरच्या सहली सुरू होतात. सामानाच्या यादीत 'चाकू – १ नग' एवढंच लिहिलेलं असतं. मग दुकानात जो दांडगा दिसतो, मोठ्या दात्यांचा, तोच पिशवीत येतो. खरं तर आधी काम काय आहे ते बघावं. आठवीच्या विज्ञानातला 'बल व दाब' हा पाठही यातून छान समजावता येतो.

तेच बल कमी जागेवर पडलं की दाब वाढतो. साध्या पात्यात बल धारेच्या टेकलेल्या सगळ्या लांबीवर वाटलं जातं. दातेरी पात्यात आधी फक्त दात्यांची टोकं टेकतात. ती सालीत किंवा दोराच्या तंतूत रुततात, आणि मधल्या खाचा ते तंतू धरून कापतात. म्हणूनच नायलॉनचा दोर, काथ्या, पावाचा कडक पापुद्रा यांवर दातेरी पातं घसरत नाही. अट एकच, ते ओढावं लागतं. नुसतं दाबून काम होत नाही.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या भातशेतीत आहे. भाताच्या काडात सिलिका असते, त्यामुळे साध्या विळ्याची धार लवकर जाते आणि कापणीत तो पुन्हा पुन्हा पाजवावा लागतो. दातेरी विळ्याला ही कटकट कमी. मूठभर धाटं धरायची, जमिनीलगत विळा लावायचा आणि आपल्याकडे ओढायचा. दाते धाटांना निसटू देत नाहीत. 'वैभव' नावाचा विळा कोकणातल्या शेतकऱ्यांना माहीत असेलच, तो याच जातीचा.

मग चाकूही दातेरीच घ्यायचा का? माझं मत, नाही. शिबिरातली बहुतेक कामं वेगळी असतात. कांदा-काकडी चिरायची, तंबूची खुंटी टोकदार करायची, काडी तासायची, सुतळी तोडायची. तासताना पातं लाकडावरून पुढे ढकलावं लागतं. तिथे दाते अडकतात आणि अडकलेला हात जोर लावला की एकदम सुटतो. इजा होते ती अशा वेळी. शिवाय बऱ्याच दातेरी चाकूंचे दाते एकाच बाजूने घासलेले असतात, त्यामुळे काप सरळ न जाता थोडा तिरका सरकतो.

आता धार लावण्याचं बघा. साधं पातं निसण्यावर पाणी टाकून कुणीही घासू शकतं. दातेरी पात्याची एकेक खाच बारीक गोल कानशीने घासावी लागते. शिबिरात ते कोण करणार! दातेरी धार जास्त दिवस टिकते हे खरं, कारण खाचांतला भाग पाटावर घासला जात नाही. पण एकदा गेली की गेलीच.

काही पालकांना वाटतं, दातेरी म्हणजे बोथट, मुलांना सुरक्षित. असं नाही हो. दात्यांनी झालेली जखम फाटल्यासारखी होते, कडा नीट जुळत नाहीत. मुलाच्या हातात पहिला चाकू द्यायचा तर साध्या धारेचा, छोटा, मूठ न घसरणारा द्या, आणि शेजारी बसा. दोर कापायला एक दातेरी चाकू मोठ्यांच्या पिशवीत असू द्या. अर्धं पातं साधं, अर्धं दातेरी असेही चाकू मिळतात. पण छोट्या पात्यात दोन्ही भाग तोकडे पडतात.

आकाराचंही सांगतो. ३-४ इंची पातं पुरे. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू घरगुती, शेती वगैरे कामांसाठी बनवलेले नसतील, तर शस्त्र नियमांच्या कक्षेत येतात. म्हणजे दिखाऊ मोठ्या चाकूच्या वाटेला जाऊच नका.

वर्गात करून बघा: काकडी, नायलॉनची दोरी, ओली फांदी आणि कागद. कापायचं शिक्षकांनीच, मुलांनी लांबून मोजायचं. प्रत्येक वस्तूला दोन्ही चाकूंचे किती फेरे लागले ते वहीत लिहून घ्या, आणि कापलेल्या कडा भिंगातून दाखवा. गुळगुळीत कडा कोणत्या चाकूची, ते मुलांनाच ओळखू द्या.