तलावाची फेरी : होटगीच्या कांठीं एक पाठ

तलाव म्हटला म्हणजे आम्हां शेतकऱ्यांस पाण्याची पाळी, मोटार आणि शेजाऱ्याशीं तंटा एवढेंच आठवतें. कांठावर कोणी दुर्बीण लावून पक्षी पाहत बसलेला किंवा गळ टाकून सकाळ घालवीत असलेला दिसला, तर त्यास आपण रिकामटेकडा समजतों. आमचेंही मत बरींच वर्षें असेंच होतें. परंतु होटगीच्या तलावाकांठीं हिवाळ्यांत अशा मंडळींबरोबर फिरल्यावर तें पालटलें. तलाव नुसता उपसावयाचा नसतो, तो वाचावयाचाही असतो, ही गोष्ट त्यांच्यापासून शिकण्यासारखी आहे. महिन्यांतून एकदां पायीं फेरी करून तो कसा वाचावा, हें येथें सांगावयाचें योजिलें आहे.

होटगी हें गांव सोलापूरच्या आग्नेयेस असून विजापूर-गदगकडे जाणारा लोहमार्ग येथून फुटतो. म्हणून पुष्कळांस तें जंक्शन म्हणूनच ठाऊक असतें. आपला जिल्हा अवर्षणाचा. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आजोबा-पणजोबांच्या गोष्टींतून आणि १९७२ चा दुष्काळ वडीलधाऱ्यांच्या तोंडून आपण ऐकिला आहे. म्हणूनच येथें पाणी अडविण्याची परंपराही जुनी. सोलापूर शहरांतील तलाव बाराव्या शतकांतील श्रीसिद्धरामेश्वरांच्या नांवाशीं जोडलेला आहे. शहराच्या उत्तरेचा एकरुखचा, म्हणजे हिप्परग्याचा तलाव १८७१ च्या सुमारास पुरा झाला. आणि भीमेवरील उजनी धरण १९८० मध्यें झालें. यांच्यापुढें होटगीचा तलाव लहान आहे. पण ज्याचा भराव व जवळचा कांठ एका सकाळीं पाहून होतो, असा तलावच शिकणाऱ्यास अधिक उपयोगाचा.

१. भराव व सांडवा.– फेरीचा आरंभ भरावापासून करावा. पाण्याकडील दगडी पिचिंग कोठें खचलें आहे काय, माथ्यावर भेगा आहेत काय, उंदीर-घुशींचीं व खेकड्यांचीं बिळें कोठें आहेत, हें पाहावें. भरावावर वेडी बाभूळ वाढूं देऊं नये. तिचीं मुळें मातींत शिरतात व पुढें तीं कुजलीं म्हणजे पाण्यास वाट होते. नंतर भरावाच्या पायथ्याशीं उतरून पाझर पाहावा. थोडा पाझर मातीच्या भरावास असतोच. तो स्वच्छ असेल व वाढत नसेल तर भिण्याचें कारण नाहीं. परंतु पाणी गढूळ येऊं लागलें, तर आंतील माती वाहून जात आहे असें समजावें आणि तलाव ज्या खात्याच्या ताब्यांत असेल त्यास त्याच दिवशीं लेखी कळवावें. सांडव्यावर पोतीं किंवा फळ्या लावून वीतभर पाणी अधिक अडविण्याचा मोह कोणीं धरूं नये. पुराचें पाणी सांडव्यावरून गेलें नाहीं तर तें भरावावरून जातें, आणि मातीचा भराव तें सोसत नाहीं.

२. पक्षी.– पक्षी हे पाणमोजणीच्या काठ्या आहेत, ही गोष्ट आम्हांस नवी होती. पाणकावळे जेथें बुड्या मारतात, तेथें पाणी खोल असून त्यांत मासे आहेत. वारकरी पक्ष्यांचा काळा थवा जेथें तरंगतो, तेथें पाणवनस्पती माजली आहे. शेकाटे जेथें लांब तांबड्या पायांनीं चालतात, तेथें पाणी घोट्याइतकेंच. होटगीस रोहित पक्षी येतात, तेव्हां शहरांतून लोक मुद्दाम पाहावयास जातात. हे पक्षी कच्छच्या रणांत मोठ्या संख्येनें वीण घालतात. उथळ पाण्यांत उभे राहून, चोंच उलटी बुडवून ते चिखलांतील बारीक जीव गाळून खातात. दृश्य फार सुंदर. पण शेतकऱ्यानें तें आणखी एका दृष्टीनें पाहावें. रोहित जर दर वर्षीं तलावाच्या अधिकाधिक मध्यावर उभे राहूं लागले आणि पाऊसमान सारखेंच असेल, तर गाळ किती पुढें सरकला तें त्यांच्या पायांवरून कळतें.

पट्टकादंब हे हंस तिबेटाकडून हिमालय ओलांडून हिवाळ्यांत येतात. ते दिवसा पाण्यावर विसावतात व रात्रीं हरभऱ्या-गव्हाच्या कोवळ्या पिकांत उतरतात. यानें नुकसान होतें, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु उपाय राखणीचा आहे. सायंकाळीं डबा वाजविणें, बुजगावणें लावून त्याची जागा दर दोन दिवसांनीं बदलणें, एवढें पुष्कळदां पुरतें. विषारी दाणा टाकणें हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें गुन्हा आहेच. शिवाय तें विष आपल्या कोंबड्यांस, कुत्र्यास आणि अखेर पाण्यासही पोंचतें.

३. मासे व गळ.– कटला, रोहू व मृगळ हे पुराच्या वाहत्या पाण्यांत अंडीं घालणारे मासे आहेत. सांठलेल्या तलावांत त्यांची वीण सहसा होत नाहीं. म्हणून बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीचीं पिलें, सोडावीं लागतात. तीं बारीक आसाच्या जाळ्यानें लवकर काढणें म्हणजे हुरड्याच्याही आधीं कणीस मोडणें होय. मरळ मात्र तलावांतच वाढतो. पावसाळ्यांत त्याच्या लालसर पिलांचा थवा वर येतो व नर-मादी त्याखालीं राखण करितात. अशा वेळीं गळास लागलेला एक मरळ सोडून दिला, तर शेंकडों पिलें वांचतात. गळ टाकण्यापूर्वीं मासेमारीचा ठेका ज्या संस्थेकडे असेल तिची परवानगी घ्यावी. त्या पाण्यावर तिच्या सभासदांचें पोट आहे. घरचा परका मासा हौसेनें तलावांत सोडूं नये. थाई मांगूर या माशावर तर २००० सालापासून बंदी आहे.

४. गाळ.– २०१७ मध्यें राज्य सरकारनें 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना काढिली. हलक्या, मुरमाड जमिनीस गाळ हितकारक आहे. भारी काळ्या जमिनींत तो घातल्यास निचरा मात्र बिघडतो. गाळ काढितांना भरावाचा पायथा सोडावा आणि उभ्या कडांचे खड्डे करूं नयेत. अशा खड्ड्यांत गुरें बुडतात, मुलें बुडतात, आणि पक्ष्यांस उतरावयास जागा राहत नाहीं. उतरता कांठ राखून मधला गाळ काढिला, तर शेत व पक्षी दोहोंचें साधतें. नाशिक जिल्ह्यांतील नांदूरमध्यमेश्वर येथें तर बंधाऱ्यामागें सांठलेल्या गाळामुळेंच पक्ष्यांचें मोठें आश्रयस्थान झालें व २०२० मध्यें त्याची रामसर यादींत नोंद झाली. म्हणजे गाळ सर्वस्वीं शत्रु नव्हे. तो कोठें काढावा व कोठें राखावा, हें ठरविण्यासच फेरी हवी.

५. शेवटचें पाणी.– सर्वांत कठीण भाग हा. चैत्र-वैशाखांत पाणी तळाशीं जातें, आणि प्रत्येकाची मोटार एकेक पाऊल पुढें सरकते. आम्हीही त्यांतलेच. एका उन्हाळ्यांत उभा ऊंस वांचविण्यासाठीं आम्हीं तळाच्या डबक्यांत नळ टाकिला. तिसऱ्या दिवशीं सकाळीं चिखलांत मासे तडफडत होते आणि बगळ्यांची गर्दी उडाली होती. ऊंस वांचला नाहींच. पंधरवड्याच्या आंत आमच्याच विहिरीचें पाणी खालीं गेलें. तलावाचें शेवटचें पाणी हें कोणा एकाचें नसतें. तें गुरांच्या पिण्याचें, विहिरींच्या पाझराचें आणि पुढील वर्षाच्या माशांचें बीज असतें. त्यास हात लावूं नये, असा ठराव लाभधारकांनीं हिवाळ्यांतच, म्हणजे डोकीं थंड असतांना करावा.

६. पाहुणे.– इंग्लंडांत रटलंड वॉटर नांवाचा मोठा जलाशय आहे. पिण्याच्या पाण्यासाठीं बांधलेल्या त्या तलावावर लोक फिरतात, पक्षी पाहतात व गळही टाकितात. तिघांस जागा नेमून दिलेल्या आहेत. आपल्याकडेही हें अशक्य नाहीं. पाहुण्यानें पिकांतून चालूं नये, पक्ष्यांच्या थव्यावर धावून जाऊं नये, प्लास्टिक मागें ठेवूं नये. टिटवी व नदीसुरय हे पक्षी उन्हाळ्यांत उघड्या जमिनीवरच अंडीं घालतात; तेथें पाय जपून टाकावा. आणि यजमानानें, म्हणजे आपण, पाहुण्यास हुसकून न लावितां त्यानें काय पाहिलें तें विचारावें.

सभासदांस आमची एवढीच विनंती कीं, प्रत्येक अमावास्येस दोघांनीं मिळून आपल्या गांवच्या तलावाची फेरी करावी व एका वहींत पाण्याची पातळी, पाझर, गाळाची हद्द आणि दिसलेले पक्षी लिहावे. पांच वर्षांची अशी वही ज्या गांवीं असेल, त्या गांवास आपल्या पाण्याचें भविष्य दुसऱ्यास विचारावें लागणार नाहीं.