संपीडन गुणोत्तर आणि इंधनाचे मिश्रण

दट्ट्या तळाशी असताना सिलिंडरमध्ये जेवढी जागा असते, तिला दट्ट्या वरच्या टोकाला पोचल्यावर उरणाऱ्या जागेने भागले, म्हणजे संपीडन गुणोत्तर मिळते. निकोलाउस ओटो याच्या १८७६ मधील एंजिनात ते जेमतेम अडीच होते. आजच्या पेट्रोल मोटारींत ते बहुधा दहाच्या आसपास असते. या वाढीमागील कारण उघड आहे. आदर्श चक्राच्या गणिताप्रमाणे चारच्या गुणोत्तराला उष्णतेचा सुमारे ४३ टक्के भाग कामी येतो, तर आठच्या गुणोत्तराला सुमारे ५६ टक्के. प्रत्यक्षात मिळणारे फळ याहून बरेच कमी असते, पण वाढीची दिशा हीच राहते.

संपीडन वाढविले की मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाणही त्याबरोबर वाढवावे लागते, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. एक किलोग्रॅम पेट्रोल पुरते जळण्यास सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. हा रसायनाचा हिशेब आहे आणि दट्ट्याने मिश्रण कितीही दाबले तरी तो बदलत नाही. बदलते ती मिश्रणाची अवस्था. दाबलेले मिश्रण अधिक दाट व अधिक तप्त होते. शिवाय मागील ज्वलनाचा जळका वायू जिथे शिल्लक राहतो, ती वरची जागा आक्रसते: पाचच्या गुणोत्तराला ती एकूण जागेचा पाचवा भाग असते, दहाच्या गुणोत्तराला केवळ दहावा. जळक्या वायूची भेसळ अशी घटल्यामुळे, एरवी नीट न पेटणारे इंधन-न्यून मिश्रणही पेटू शकते. काटकसरीचा हा दुसरा मार्ग होय.

परंतु याच उष्णतेत संकटही दडलेले आहे. ठिणगी पडल्यावर ज्वाला पसरत जाते आणि आपल्यापुढील न जळलेल्या मिश्रणाला आणखी दाबते. कोपऱ्यात उरलेले हे अखेरचे मिश्रण ज्वाला पोचण्यापूर्वीच आपोआप भडकले, तर धातूवर हातोडी मारल्यासारखा आवाज उमटतो. त्यालाच कारागीर ‘नॉकिंग’ म्हणतात. ते दीर्घकाळ चालू राहिले तर दट्ट्याला भोकही पडू शकते. हॅरी रिकार्डो या इंग्रज अभियंत्याने चालू असतानाच गुणोत्तर बदलता येईल असे एंजिन बनवून, कोणते इंधन किती संपीडन सोसते याची पारख केली.

यावर जुना उपाय म्हणजे पूर्ण भार असताना मिश्रण इंधन-विपुल करणे. जादा पेट्रोल वाफ होताना उष्णता शोषून घेते. म्हणजे येथे पेट्रोल थंडाव्यासाठी खर्ची पडते आणि संपीडनाने वाचविलेले पुन्हा गमावले जाते! १९२१ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली यांना टेट्राएथिल लेड हा सोपा वाटणारा तोडगा सापडला. त्यातील शिसे विषारी होते. १९२४ मध्ये न्यू जर्सीत ते बनविणारे पाच कामगार दगावले. तरीही ते दशकानुदशके जगभर पेट्रोलमध्ये मिसळले जात राहिले. भारतात मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० मध्ये थांबली, अल्जीरियात २०२१ मध्ये.

अलीकडच्या अनेक एंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्येच फवारले जाते. तेथे वाफ होताना ते आतील हवेलाच थंड करते. त्यामुळे पेट्रोलचे प्रमाण न वाढविता बारापर्यंतचे आणि क्वचित त्याहूनही मोठे गुणोत्तर वापरता येते.