मिलिंदाचा प्रश्न आणि गुरूचे उत्तर
महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाची एक परंपरा

सन १९५२ च्या जून महिन्यात न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठाने डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना एल्एल्. डी. ही सन्माननीय पदवी अर्पण केली. या समारंभासाठी जाताना त्यांच्या मनात एक विशेष उत्सुकता होती. आपले वृद्ध गुरू प्रा. जॉन ड्यूई यांची भेट घडेल, ही ती उत्सुकता. परंतु १ जून रोजी ड्यूई निवर्तले आणि ती भेट होऊ शकली नाही. त्या वेळी पत्नीस लिहिलेल्या पत्रात डॉ. आंबेडकरांनी आपल्या साऱ्या बौद्धिक जीवनाचे श्रेय या गुरूला दिले आहे. ज्यांनी भारताच्या राज्यघटनेचा मसुदा सिद्ध केला, ज्यांच्या ग्रंथसंग्रहाची ख्याती सर्वदूर होती, त्यांनी वयाच्या एकसष्टाव्या वर्षी एका प्राध्यापकाचे ऋण अशा शब्दांत मान्य करावे, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

महाविद्यालयातील प्राध्यापक विद्यार्थ्याच्या आयुष्यास वळण लावतो, हे विधान समारंभांतून इतक्या वेळा ऐकावयास मिळते की त्यातील अर्थ झिजून गेला आहे. प्राध्यापक नेमके काय करतो, कोणत्या क्षणी करतो आणि त्याचे फळ किती काळाने दिसते, हे पाहावयाचे असेल तर डॉ. आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेइतके बोलके उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच आढळेल. शिवाय हे उदाहरण एका माणसापाशी थांबत नाही. ज्याला गुरू लाभले त्याने पुढे गुरुकुल उभारले आणि तेथील प्राध्यापकांनी आणखी एक पिढी घडविली.

पुस्तके, कपडे आणि एक चरित्रग्रंथ

या कथेचा आरंभ महाविद्यालयाच्या उंबरठ्याबाहेर होतो. विल्सन हायस्कूलमधील शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांनी तरुण भीमरावास प्रथम हेरले ते चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसलेला असताना. मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाल्याबद्दल झालेल्या सत्कारसभेत केळूसकरांनी आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यास भेट दिले. पुढे महाविद्यालयीन शिक्षणाचा खर्च पेलेना, तेव्हा हेच केळूसकर त्यास श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांच्या भेटीस घेऊन गेले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. हा विद्यार्थी केळूसकरांच्या शाळेतला नव्हता, हे येथे मुद्दाम नमूद करावयास हवे. १९५६ मध्ये बुद्धाविषयीच्या आपल्या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत डॉ. आंबेडकरांनी त्या भेटीचे स्मरण केले आहे. सभेतील पुस्तकापासून नागपूरच्या दीक्षाभूमीपर्यंत मध्ये जवळजवळ पन्नास वर्षे गेली.

एल्फिन्स्टन महाविद्यालयात प्रा. म्युलर यांनी या विद्यार्थ्यास पुस्तके दिली आणि कपडेही दिले, असे चरित्रकार सांगतात. व्याख्यानाचा उल्लेख त्यात नाही. गरीब घरातून प्रथमच महाविद्यालयात आलेल्या मुलाची अडचण बहुधा बुद्धीची नसते. ती पुस्तकाची, अंगावरील कपड्याची, राहावयाच्या जागेची असते. ती ओळखणे हादेखील अध्यापनाचाच भाग होय.

कोलंबियातील तीन वर्षे

१९१३ च्या जुलै महिन्यात, बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती मिळवून, भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांनी निवडलेल्या विषयांची नोंद उपलब्ध असून ती मोठी उद्‌बोधक आहे. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम त्यांनी घेतले, शिवाय फ्रेंच व जर्मन भाषांचे प्राथमिक पाठही. ज्या देशातून हा विद्यार्थी आला होता, तेथे त्याला वर्गात कोठे बसावे हे दुसरे ठरवीत असत. येथे कोणाच्या वर्गात बसावयाचे हे तो स्वतः ठरवू लागला.

अर्थशास्त्राचे प्रा. एडविन सेलिग्मन हे सार्वजनिक आयव्ययाचे जाणकार होते. संशोधनाची पद्धती कोणती अवलंबावी, असे या विद्यार्थ्याने त्यांस विचारले असता, कामास निष्ठेने लागावे, म्हणजे स्वतःची पद्धती आपोआप तयार होईल, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. वरवर पाहता हे उत्तर टाळाटाळीचे वाटेल. परंतु तयार साचा हातात न देता विद्यार्थ्यास स्वतःच्या पायावर उभे राहू देणे, हे अनुभवी अध्यापकासच जमते. साचा देणे त्याहून पुष्कळ सोपे.

९ मे १९१६ रोजी प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात आंबेडकरांनी भारतातील जातिसंस्थेची यंत्रणा, उत्पत्ती व विकास या विषयावर निबंध वाचला. पुढील वर्षी तो 'इंडियन अँटिक्वरी'मध्ये प्रसिद्ध झाला. पंचवीस वर्षांच्या या तरुणाने जातिसंस्थेचे चटके जन्मापासून सोसले होते. त्या चर्चासत्रात तिच्याकडे अभ्यासविषय म्हणून पाहण्याची, तिचे तुकडे सुटे करून तपासण्याची संधी त्यास मिळाली. सोसलेल्या दुःखाला विचाराची शिस्त लावून देणे हे काम घरचे लोक करू शकत नाहीत, मित्रही क्वचितच करू शकतात. ते चांगल्या महाविद्यालयाचे काम आहे.

प्रा. ड्यूई यांच्या शिकवणुकीचा ठसा याहून खोल उमटला. लोकशाही म्हणजे केवळ राज्यकारभाराची पद्धती नव्हे, एकमेकांच्या सहवासात, अनुभवांची देवाणघेवाण करीत जगण्याची ती रीत आहे, हा विचार ड्यूई यांनी १९१६ च्या आपल्या शिक्षणविषयक ग्रंथात मांडला होता. वीस वर्षांनी, १९३६ मध्ये, जातिनिर्मूलनावरील आपल्या गाजलेल्या निबंधात डॉ. आंबेडकरांनी तोच विचार भारतीय समाजाला लावून दाखविला आणि तेथे ड्यूई यांचा निर्देश आपले गुरू म्हणून केला. मात्र गुरूने जातीविषयी काही सांगितले नव्हते. शिष्याने गुरूचे अवजार घेतले आणि आपल्या शेतात चालविले.

ड्यूई, सेलिग्मन, शॉटवेल आणि रॉबिन्सन या प्राध्यापकांची गणना डॉ. आंबेडकरांनी १९३० साली आयुष्यातील उत्तम मित्रांमध्ये केली. सेलिग्मन यांनी तर विद्यार्थी विद्यापीठातून गेल्यानंतरही त्याचा पाठपुरावा सोडला नाही. १९२० मध्ये त्यांनी लंडनमधील अर्थशास्त्रज्ञ प्रा. फॉक्सवेल यांना शिफारसपत्र लिहिले, आणि १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासावरील ग्रंथास प्रस्तावना लिहिली.

न पटलेल्या ग्रंथाची प्रस्तावना

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये डॉ. आंबेडकरांचे मार्गदर्शक प्रा. एडविन कॅनन होते. अॅडम स्मिथच्या ग्रंथाची प्रमाण आवृत्ती सिद्ध करणारे हे विद्वान परखडपणाबद्दल प्रसिद्ध होते. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध १९२२ च्या ऑक्टोबरमध्ये सादर झाला, परंतु परीक्षकांनी त्यात फेरफार सुचविले. हाती पैसा उरला नव्हता. डॉ. आंबेडकर १९२३ मध्ये मायदेशी परतले आणि सुधारलेला प्रबंध त्यांनी येथून पाठविला. त्याच वर्षाच्या अखेरीस तो ग्रंथरूपाने लंडनमध्ये प्रसिद्ध झाला व डी. एस्‌सी. ही पदवीही मिळाली.

या ग्रंथाला कॅनन यांनी लिहिलेली प्रस्तावना प्रत्येक अध्यापकाने वाचावी अशी आहे. शिष्याच्या बऱ्याचशा युक्तिवादांशी आपण सहमत नाही, हे त्यांनी त्यात उघडपणे लिहिले आहे. त्याचबरोबर काही ठिकाणी त्याने अचूक घाव घातला आहे आणि जेथे तो चुकला असे वाटते तेथेही त्याच्या विचारांतील ताजेपणा आपणांस चालना देऊन गेला, अशी कबुलीही आहे. ग्रंथकर्त्याने आपल्या निवेदनात कॅनन यांच्या कठोर तपासणीबद्दल आभार मानले आहेत. मतभेद दोघांनीही लपविला नाही, आणि त्यामुळे संबंध बिघडलेही नाहीत. आपल्याकडे मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध एक परिच्छेद लिहावयास विद्यार्थी धजत नाही. मग मार्गदर्शक त्या मतभेदासह ग्रंथाची पाठराखण करील, ही अपेक्षा दूरच राहिली.

शिष्य गुरू होतो

मधल्या काळात, १९१८ च्या नोव्हेंबरपासून १९२० च्या मार्चपर्यंत, डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकविले. त्यांची व्याख्याने ऐकावयास इतर महाविद्यालयांतूनही विद्यार्थी येऊ लागले. प्राध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्यास त्यांनी हात लावू नये, असा आक्षेप मात्र काही सहकाऱ्यांनी घेतला. पुढे १९३५ ते १९३८ या काळात ते मुंबईच्या शासकीय विधि महाविद्यालयाचे प्राचार्य होते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली. केळूसकरांनी एका मुलासाठी जे केले होते, त्याची ही जणू सरकारी योजनाच म्हणावी लागेल. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले आणि १९५० मध्ये औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे महाविद्यालय सुरू झाले.

१९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली असलेल्या मराठवाड्यात उच्च शिक्षणाच्या सोयी अतिशय तुटपुंज्या होत्या. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली निघाले, म्हणजे हे महाविद्यालय त्याच्याही आधीचे. त्याच्या मुख्य इमारतीची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसविण्यात आली. महाविद्यालयास मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसरास नागसेनवन. ग्रीक राजा मिलिंद व भिक्षू नागसेन यांचा संवाद 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात आहे. संवादाच्या आरंभी नागसेन एक अट घालतो. राजाने पंडितासारखी चर्चा करावी, राजासारखी नव्हे. पंडित चूक दाखविली तर मान्य करतो, रागावत नाही. राजाशी मतभेद झाला तर तो शिक्षा फर्मावतो. महाविद्यालयाला नाव देताना संस्थापकाने प्रश्न विचारणाऱ्याचे नाव निवडले, उत्तर देणाऱ्याचे नाव भोवतालच्या वनराजीला दिले.

नागसेनवनातील प्राध्यापक

प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी या महाविद्यालयाचे वातावरण घडविले. खेड्यापाड्यांतून आलेल्या, घरात अक्षराची ओळख नसलेल्या मुलांना त्यांनी लिहावयास आणि रंगभूमीवर उभे राहावयास लावले. अस्पृश्यांच्या दुःखाचा निरनिराळ्या कालखंडांतून मागोवा घेणारे 'युगयात्रा' हे त्यांचे नाटक १९५५ च्या सुमाराचे. परीक्षेत ज्याचे गुण मिळत नाहीत असे काम प्राचार्याने स्वतः हाती घ्यावे, याचा परिणाम विद्यार्थ्यांवर होतो तसा सहकाऱ्यांवरही होतो.

त्यानंतरच्या काळात प्राचार्य म. ना. वानखडे यांनी अमेरिकेतील शिक्षण संपवून आल्यावर तेथील कृष्णवर्णीयांच्या साहित्याची ओळख मराठी तरुणांना करून दिली. आपल्यासारखेच भोग दुसऱ्या खंडातील माणसांनी शब्दांत मांडले आहेत, हे कळल्यावर लिहिण्याचा संकोच गळून पडला. १९६७ मध्ये मिलिंदमधील प्राध्यापकांच्या पुढाकाराने 'अस्मिता' हे नियतकालिक निघाले, तेच पुढे 'अस्मितादर्श' या नावाने प्रसिद्ध झाले. प्रा. गंगाधर पानतावणे यांनी अनेक दशके त्याचे संपादन केले, नवोदितांचे मेळावे भरविले. १९३७ साली नागपूर येथे जन्मलेल्या पानतावण्यांना २०१८ मध्ये पद्मश्री किताब जाहीर झाला आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. दलित साहित्याच्या इतिहासात कवी व आत्मचरित्रकार यांची नावे येतात ती योग्यच आहेत. परंतु हस्तलिखित वाचून, दुरुस्त करून, ते छापणारा प्राध्यापक त्या इतिहासात एका ओळीपुरता उरतो.

साहित्याबाहेरचे एक उदाहरणही येथे देता येईल. अर्थशास्त्रज्ञ डॉ. सुखदेव थोरात यांनी पदवीचे शिक्षण मिलिंद महाविद्यालयात घेतले. २००६ ते २०११ या काळात ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते.

आकड्यांपलीकडचे मार्गदर्शन

राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेच्या, म्हणजेच नॅकच्या, निकषांमध्ये एका मार्गदर्शक अध्यापकामागे किती विद्यार्थी, याचे प्रमाण नमूद करावे लागू लागले. त्यामुळे अनेक महाविद्यालयांत विद्यार्थ्यांच्या याद्या करून त्या अध्यापकांना वाटून देण्याची पद्धत रूढ झाली. ही सुरुवात म्हणून वाईट नाही. यादीतील विद्यार्थी दोन आठवडे वर्गात दिसला नाही तर त्याची चौकशी कोणी करावयाची, एवढे तरी तीमुळे ठरते. मात्र प्रमाणाचा आकडा भरला म्हणून म्युलर यांच्यासारखी नजर येत नाही.

या कामात खरी अडचण निराळीच आहे. राज्यातील अनेक महाविद्यालयांत अध्यापनाचा मोठा भार तासिका तत्त्वावरील अध्यापक वाहतात. त्यांना मोबदला मिळतो तो घेतलेल्या तासांचा. तास संपताच दुसऱ्या गावच्या महाविद्यालयाकडे जाणारी एस. टी. गाठावी लागणाऱ्या अध्यापकाकडून, विद्यार्थ्याशी तासभर बोलत बसावे अशी अपेक्षा करणे न्यायाचे नाही. सेलिग्मन यांनी विद्यार्थी गेल्यावर चार वर्षांनीही त्याच्यासाठी पत्र लिहिले, कारण ते स्वतः आपल्या जागी टिकून होते. पुढील वर्षी आपण येथे असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, तो कोणाच्या भवितव्याची काळजी वाहणार? नियमित पदे वेळेवर भरणे हा या दृष्टीने केवळ आस्थापनेचा विषय उरत नाही.

पंचायत सदस्यांचाही येथे संबंध येतो. गावातून महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींची पहिली ठेच बहुधा जून-जुलैमध्ये लागते. उत्पन्नाचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र, वसतिगृहाचा अर्ज, शिष्यवृत्तीची मुदत या सर्व गोष्टी एकाच वेळी समोर येतात. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाने भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नावे स्वाधार योजना सुरू केली, परंतु तिची माहिती गावात कोणी सांगितली तरच तिचा उपयोग. काही शाळांचे मुख्याध्यापक बारावीच्या निकालानंतर आपल्या माजी विद्यार्थ्यांना बोलावून हे सर्व कागद एकेक करून तपासतात, आणि ज्या महाविद्यालयात मूल जाणार तेथील एखाद्या ओळखीच्या प्राध्यापकास चिठ्ठी लिहून देतात. ती चिठ्ठी घेऊन आलेला मुलगा पहिल्या दिवशी कार्यालयाच्या रांगेत उभा राहण्यापूर्वी त्या प्राध्यापकाची खोली शोधतो.