कासवांची पुळण आणि पर्यटनाचा हंगाम

गोव्यातील मोरजी, मांद्रे, आगोंद व गालजीबाग येथील किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालण्यासाठी येतात. साधारणतः नोव्हेंबर ते मार्च हा त्यांचा विणीचा काळ होय. पर्यटकांचा हंगामही नेमका हाच. पर्यटनामुळे निसर्गाची हानी होऊ नये, हे तत्त्व सर्वांस मान्य आहे. परंतु ते आचरणात आणणे किती कठीण असते, हे या पुळणींवर स्पष्ट दिसून येते.

मादी रात्री किनाऱ्यावर येऊन वाळूत खड्डा खणते, सुमारे शंभर अंडी घालते व खड्डा बुजवून समुद्रात परतते. दीड ते दोन महिन्यांनी पिल्ले बहुधा रात्रीच बाहेर पडतात व उजळ क्षितिजाच्या रोखाने चालू लागतात. काळोख्या किनाऱ्यावर ते क्षितिज समुद्राचे असते. किनाऱ्यावर प्रखर दिवे असल्यास पिल्ले उलट दिशेस वळतात आणि उन्हाने अथवा कुत्र्या-कावळ्यांच्या तावडीत सापडून मरतात. गोंगाट व वर्दळ असल्यास मादी अंडी न घालताच परत फिरते.

येथे कायद्याची उणीव नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये या कासवास संरक्षण आहे. किनारी क्षेत्रातील बांधकामांवर १९९१ पासून निर्बंध आहेत. खरी अडचण नफा-तोट्याच्या हिशेबाची आहे. जो शॅकचालक दिवे मालवतो, त्याचे गिऱ्हाईक त्याच रात्री शेजाऱ्याकडे जाते. उलट, मादी पिल्लू वयात येण्यास दहा-पंधरा वर्षे लागत असल्याने आजची हानी उद्या दिसत नाही. एकट्याने पाळलेला नियम म्हणूनच टिकत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांच्या साहाय्याने घरट्यांचे रक्षण आरंभिले. पुढे तेथे कासव महोत्सव सुरू झाला. पिल्ले पाहण्यास येणारे पाहुणे गावातील घरांतच उतरतात व जेवतात. त्यामुळे कासव राखण्यातच गावाचा लाभ आहे, हे घरोघरी पटले. गोव्यातील गजबजलेल्या किनाऱ्यांस हा अनुभव जसाच्या तसा लागू पडणार नाही. तथापि त्यातील बोध घेण्याजोगा आहे.

विणीच्या काळात समुद्राकडील दिवे सर्वांनी एकाच वेळी मालवावेत व पुळणीवरील खुर्च्या सायंकाळी उचलाव्यात, असा ठराव ग्रामसभेने करावा. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यांनी तीच अट सर्वांस सारखी लावावी. शिक्षकांनी मुलांना घरट्यांच्या राखणीचे काम प्रत्यक्ष दाखवावे. नियम सर्वांचा झाला, तरच तो पाळणाऱ्याचे नुकसान होणार नाही.