ध्वनीचे कडे आणि ध्वनीचे कण

चित्र भिंतीवर टांगून ठेवता येते, दगड हातात घेऊन उलटसुलट पाहता येतो. परंतु घंटेचा टोला एकदा पडून गेला, म्हणजे त्याच्याकडे परत जाता येत नाही. १८७७ साली एडिसनने फोनोग्राफ तयार केला आणि ही अडचण प्रथमच दूर झाली. ध्वनी साठविता येऊ लागला व तो पुन्हा पुन्हा ऐकता येऊ लागला. तथापि साठविलेला ध्वनी केवळ ऐकून मनुष्याचे समाधान झाले नाही. त्याचा एखादा अंश सतत फिरवीत ठेवावा, तो ताणावा, आखडावा, त्याचे तुकडे करून ते निराळ्या रीतीने जोडावेत, अशी इच्छा संगीतकारांना व शास्त्रज्ञांना होऊ लागली.

आजच्या विद्युत्-संगीतात या कामासाठी दोन साधने वापरली जातात. पहिल्यास लूपर म्हणतात. ते ध्वनीचे कडे तयार करते. दुसऱ्यास ग्रॅन्युलर प्रोसेसर म्हणतात. ते ध्वनीचे सूक्ष्म कण करते. ही दोन साधने वरवर भिन्न दिसली, तरी त्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: ध्वनीची गती आणि ध्वनीची उच्चनीचता या दोन गोष्टी परस्परांपासून वेगळ्या करता येतील काय?

१. सुट्या घटकांचे वाद्य

ही साधने ज्या वाद्यात बसविलेली असतात, त्यास मॉड्युलर सिंथेसायझर असे नाव आहे. हे वाद्य एकसंध नसते. ध्वनी उत्पन्न करणारा, गाळणारा, लहानमोठा करणारा असे अनेक सुटे घटक एका चौकटीत बसविलेले असतात आणि वाजविणारा तारांनी ते हवे तसे जोडतो. एका घटकातून निघालेला विद्युत्-दाब दुसऱ्या घटकाची घुंडी जणू अदृश्य हाताने फिरवितो. अशा प्रकारची वाद्ये १९६४ च्या सुमारास अमेरिकेत रॉबर्ट मोग आणि डोनाल्ड बुक्ला यांनी स्वतंत्रपणे तयार केली. मोग यांचे वाद्य भारतातही लवकरच आले. १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये ते उभारले. तेथे गीता साराभाई, अतुल देसाई आदींनी केलेल्या रचना ध्वनिफितींवर राहिल्या आणि त्यांतील निवडक रचना २०२३ साली प्रसिद्ध झाल्या.

२. बंद खाच आणि फितीचे कडे

ध्वनीचे कडे प्रथम तबकडीवर तयार झाले. ग्रामोफोनच्या तबकडीवरील खाच बाहेरून आत सर्पिलाकार जाते. ती एखाद्या ठिकाणी वर्तुळाकार बंद केली, तर सुई तेथेच फिरत राहते. पॅरिसच्या रेडिओ केंद्रात काम करणाऱ्या पिअर शेफर यांनी १९४८ साली या बंद खाचेचा संगीतासाठी उपयोग केला. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीचा एक फेरा सुमारे ०·७७ सेकंदात पुरा होतो. त्यामुळे बंद खाचेतील ध्वनी दर ०·७७ सेकंदाने परत येतो. आगगाडीच्या आवाजांपासून त्यांनी केलेली रचना त्याच वर्षी रेडिओवरून प्रसारित झाली.

पुढे चुंबकीय ध्वनिफीत प्रचारात आली आणि काम सोपे झाले. फितीचा तुकडा कापून त्याची दोन्ही टोके एकमेकांस चिकटविली की कडे तयार झाले. फीत सेकंदाला ३८ सेंटिमीटर या वेगाने धावत असेल, तर ११४ सेंटिमीटर लांबीच्या कड्याचा फेरा बरोबर ३ सेकंदांचा होतो. आजच्या लूपरमध्ये फीत नसते; ध्वनीचे आकडे स्मरणकोशात साठविलेले असतात. परंतु तत्त्व तेच आहे. आरंभाचा बिंदू, शेवटचा बिंदू आणि शेवटाकडून आरंभाकडे परत येणे, या तीन गोष्टींनी लूपर पूर्ण होतो.

३. गती आणि उच्चनीचता यांची गाठ

या कड्यात एक उणीव आहे. समजा, वर सांगितलेल्या ११४ सेंटिमीटरच्या कड्यावर एक गायक षड्ज लावीत आहे आणि त्याची कंपनसंख्या सेकंदाला २४० आहे. आता फितीचा वेग निम्मा, म्हणजे सेकंदाला १९ सेंटिमीटर केला. फेऱ्यास ३ ऐवजी ६ सेकंद लागतील, हे उघड आहे. पण पूर्वी जी २४० कंपने एका सेकंदात शीर्षासमोरून जात होती, त्यांना आता दोन सेकंद लागतील. म्हणजे सेकंदाला १२० कंपने होतील आणि षड्ज एक सप्तक खाली उतरेल. वेग दुप्पट केल्यास फेरा दीड सेकंदाचा होईल व स्वर एक सप्तक वर चढेल. सारांश, फितीवर गती आणि उच्चनीचता यांची पक्की गाठ पडलेली असते. एक बदलली की दुसरी बदललीच पाहिजे.

ही अडचण केवळ संगीतापुरती नव्हती. अंध वाचकांसाठी पुस्तके ध्वनिमुद्रित केली जातात. डोळस मनुष्य मनातल्या मनात जितक्या जलद वाचतो, तितक्या जलद कोणी मोठ्याने वाचू शकत नाही. म्हणून ऐकणाऱ्यास वाचनाचा वेग वाढविण्याची गरज वाटते. परंतु फीत जलद फिरवावी, तर वाचकाचा आवाज चिरका होऊन शब्द कळेनासे होतात. तसेच, जलद तान सावकाश ऐकून शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्यास फीत हळू केली की भलत्याच सप्तकातील घोगरा आवाज ऐकावा लागतो. गाठ सुटणे आवश्यक होते.

४. फेरा लहान करीत गेल्यास काय होते?

गाठ सोडविण्याचा मार्ग समजण्यासाठी एक साधा प्रयोग करून पाहावा. सायकल उलटी उभी करावी आणि मागील चाकाच्या स्पोकना टोक लागेल असा पुठ्ठ्याचा कडक तुकडा धरावा. चाकास ३६ स्पोक आहेत असे समजू. चाक चार सेकंदांत एक फेरा या गतीने फिरविले, तर सेकंदाला ९ टिचक्या ऐकू येतील व त्या वेगवेगळ्या ओळखता येतील. चाकाचा वेग सेकंदाला तीन फेऱ्यांवर नेला, की सेकंदाला १०८ टिचक्या पडतात; आता त्या सुट्या ऐकू येत नाहीत आणि त्यांच्या जागी एक खर्जातला स्वर उमटतो.

यावरून असे दिसते की, सेकंदाला सुमारे २० च्या आत होणारी पुनरावृत्ती मानवी कान लय म्हणून ऐकतो आणि त्यापलीकडील पुनरावृत्ती स्वर म्हणून ऐकतो. लूपरलाही हाच नियम लागू आहे. ३ सेकंदांचे कडे हा एक वाक्यखंड असतो, अर्ध्या सेकंदाचे कडे हा ठेका होतो, आणि कड्याची लांबी ५ मिलिसेकंदांवर आणली, म्हणजे सेकंदाच्या दोनशेव्या भागाइतकी केली, तर कड्याचा फेराच २०० कंपनांचा स्वर बनतो. लूपर आणि कणांचे यंत्र यांच्यातील सीमारेषा येथेच कोठेतरी आहे.

५. गेबर यांचे ध्वनिकण

डेनिस गेबर हे हंगेरीत जन्मलेले व इंग्लंडमध्ये काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ. होलोग्राफीच्या शोधाबद्दल त्यांना १९७१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी १९४६ व १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधांत असा विचार मांडला की, कोणताही ध्वनी हा अनेक अतिसूक्ष्म ध्वनिकणांचा बनलेला आहे असे मानता येते. चित्रपटात सेकंदाला २४ स्थिर चित्रे दाखविली जातात आणि प्रेक्षकास सलग हालचालीचा भास होतो. तसेच काहीसे येथे घडते. प्रत्येक कण काही मिलिसेकंदांचा असतो. तो हळूहळू वाढत जाऊन पुन्हा हळूहळू मावळतो, कारण ध्वनी एकदम तोडला तर कापलेल्या जागी खट्ट असा आवाज होतो. मावळणाऱ्या कणावर उगवणारा कण थोडासा चढविला, म्हणजे फट राहत नाही. छपरावरील कौले एकावर एक चढविलेली असतात, त्यासारखीच ही रचना आहे.

आता गाठ कशी सुटते ते पाहू. वरील ३ सेकंदांच्या गायनातून ५० मिलिसेकंदांचे कण उचलावयाचे आहेत. दर २५ मिलिसेकंदांनी एक नवा कण वाजवावा. परंतु मूळ ध्वनीत पुढे सरकताना प्रत्येक वेळी केवळ १२·५ मिलिसेकंदच सरकावे. ३००० मिलिसेकंदांचे मूळ गायन संपेपर्यंत २४० कण होतील आणि ते वाजण्यास सुमारे ६ सेकंद लागतील. गायन दुप्पट लांबले. परंतु प्रत्येक कण त्याच्या मूळ वेगानेच वाजविला असल्यामुळे त्यातील कंपनसंख्या २४० च राहिली. षड्ज ढळला नाही. उलट, सरकण्याचा वेग मूळचाच ठेवून प्रत्येक कण आतल्या आत दुप्पट वेगाने वाजविला, तर गायन ३ सेकंदांचेच राहील व स्वर मात्र एक सप्तक चढेल. किती सरकावयाचे यावर गती ठरते. कण कसा वाजवावयाचा यावर उच्चनीचता ठरते. दोन्ही गोष्टींची सूत्रे निरनिराळ्या हातांत आली.

गेबर यांनी चित्रपटाच्या ध्वनिपट्टीसमोर फटी असलेला दंडगोल फिरवून हे प्रत्यक्ष करून पाहिले. १९५४ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात ग्रँट फेअरबँक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी फिरत्या शीर्षांच्या साहाय्याने ध्वनिफितीवरील भाषण आवाज न बदलता जलद करून दाखविले. संगीतात यानिस झेनाकिस यांनी हा विचार आणला. १९५८ च्या ब्रुसेल्स प्रदर्शनातील त्यांची रचना जळत्या कोळशाच्या तडतडण्याच्या सूक्ष्म तुकड्यांची होती. १९७४ साली कर्टिस रोड्स यांनी संगणकावर कणसंश्लेषण केले, तर १९८६ साली कॅनडात बॅरी ट्रूअक्स यांनी वाजविताक्षणीच ऐकू येईल अशा रीतीने ते साध्य केले.

६. कणाची मर्यादा

तथापि गाठ सुटली तरी त्याची किंमत द्यावी लागते, आणि ही किंमत यंत्राच्या दोषामुळे नव्हे, ध्वनीच्या स्वभावामुळे द्यावी लागते. षड्ज २४० कंपनांचा असेल, तर शुद्ध ऋषभ २७० चा व गंधार ३०० चा येतो. ५० मिलिसेकंदांच्या कणात षड्जाची १२ कंपने मावतात. स्वर ओळखण्यास ती पुरेशी आहेत. १० मिलिसेकंदांच्या कणात २·४ कंपने मावतात. २ मिलिसेकंदांच्या कणात एक पुरे कंपनही मावत नाही. अशा कणास सूर नसतोच, ती केवळ एक टिचकी असते. ढोबळ हिशेब असा की, कणाच्या सेकंदांतील काळाने एकास भागले असता जी संख्या येते, तितक्या कंपनांइतका त्याचा स्वर पुसट होतो. ५० मिलिसेकंदांस २० कंपने, १० मिलिसेकंदांस १०० कंपने. यांपैकी दुसऱ्या कणावरून षड्ज कोणता आणि ऋषभ कोणता, हे सांगता येणार नाही.

मग कण मोठाच का घेऊ नये? मोठा कण घेतल्यास काळाचा नेमकेपणा जातो. तबल्यावरील ‘ना’ चा टोला क्षणात पडतो. गायन लांबविताना कण एकमेकांवर चढत असल्यामुळे तोच टोला एकाहून अधिक कणांत सापडतो आणि दोनदा-तीनदा ऐकू येतो. म्हणून तबल्यास लहान कण सोयीचा, तंबोऱ्यास मोठा कण सोयीचा. ‘केव्हा’ हे अचूक हवे असेल, तर ‘कोणता स्वर’ हे थोडे सोडावे लागते. आणि स्वर अचूक हवा असेल, तर क्षण थोडा सोडावा लागतो. दोन्ही पूर्णपणे एकाच कणात मिळत नाहीत, हेच गेबर यांच्या निबंधाचे सार आहे.

७. प्रत्यक्ष यंत्रावर

ही दोन्ही तत्त्वे एकाच घटकात एकत्र आल्याचे उदाहरण म्हणून अमेरिकेतील मेक नॉइज या कंपनीने २०१७ साली काढलेल्या मॉर्फाजीन या यंत्राकडे पाहता येईल. त्याच्या स्मरणकोशास रीळ म्हणतात. त्यावर सुमारे तीन मिनिटांपर्यंत ध्वनी राहतो. रिळाचे तुकडे पाडता येतात आणि प्रत्येक तुकडा हे एक कडे असते. कणाच्या लांबीची घुंडी एका टोकास असताना पूर्ण तुकडा फिरत राहतो, म्हणजे यंत्र लूपर असते. घुंडी दुसऱ्या टोकाकडे नेताच तोच तुकडा आखडत जाऊन कण होतो. एक घुंडी वेग व दिशा ठरविते, दुसरी कण कोठून उचलावयाचा हे ठरविते, तिसरी कण एकमेकांवर किती चढवावयाचे हे ठरविते.

नवशिक्याने प्रथम एकच दीर्घ स्वर साठवावा व पूर्ण कडे ऐकावे. नंतर केवळ कणाची लांबी कमी करीत जावे आणि लय संपून स्वर कोठे सुरू होतो ते टिपून ठेवावे. त्यानंतर स्थान ठरविणाऱ्या घुंडीस अतिशय सावकाश चढणारा विद्युत्-दाब जोडावा. मूळ ध्वनी हळूहळू उलगडत जाईल व त्याचा स्वर मात्र स्थिर राहील. एका वेळी एकच घुंडी फिरवावी. अनेक घुंड्या एकदम फिरविल्यास आवाज चमत्कारिक निघतो, पण त्याचे कारण समजत नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

(१) फितीचा वेग सेकंदाला १९ सेंटिमीटर आहे. ५ सेकंदांचे कडे करण्यास किती लांब फीत लागेल?
(२) सेकंदाला ४८० कंपने असलेल्या स्वराची २० मिलिसेकंदांच्या कणात किती कंपने मावतील?
(३) ५० मिलिसेकंदांचे कण दर २५ मिलिसेकंदांनी वाजविले. ४ सेकंदांचे भाषण २ सेकंदांत ऐकवावयाचे असल्यास मूळ ध्वनीत प्रत्येक वेळी किती सरकावे लागेल?
(४) सायकलच्या चाकाचा प्रयोग करून टिचक्यांचा स्वर कोणत्या गतीला ऐकू येऊ लागतो, ते वर्गातील प्रत्येकाने स्वतंत्रपणे टिपावे व उत्तरांची तुलना करावी.