भिंतीवरची खडूची रेघ

कळमनुरी तालुक्यातल्या एका गावात मी पोरांना खो-खो शिकवतो. एका वर्षी माझा सगळ्यात चपळ गडी आठवीतला होता. जूनमध्ये शिवलेली पँट दिवाळीला घोट्याच्या वर गेली, तेव्हा आम्ही कौतुकच केलं. गुडघा दुखतो म्हणाला, तर मी म्हटलं, "हळद लाव अन् पळ." हिंगोलीत हळदीला काय तोटा!

चौकोनात उकिडवं बसताना तो एक पाय बाजूला काढायचा. मी ओरडायचो, "नीट बस." स्पर्धा आठवड्यावर आली आणि खांबाकडे सूर मारायला त्यानं जोर लावला, तो तिथंच कोसळला. पाय सरळ होईना. नांदेडला नेलं. मांडीचा स्नायू गुडघ्याखाली नडगीला जिथं धरतो, तिथला हाडाचा तुकडाच ओढून निघाला होता. ऑपरेशन, स्क्रू. "सर, स्पर्धेपर्यंत होईल ना?" असं त्यानं विचारलं, तेव्हा मी सलाईनच्या बाटलीकडे बघत राहिलो.

डॉक्टरांनी समजावलं. वाढीच्या झपाट्यात हाड पुढे जातं, स्नायू मागे राहतो आणि ओढ त्या कोवळ्या जागेवर येते. मुलींना साधारण 10 ते 13, मुलांना 12 ते 15 या वयात तिथं दुखरं टेंगूळ येतं. बहुतेकांचं वाढ संपली की शमतं. हाड निघणं क्वचितच. पण दुखत्या गुडघ्यावर उड्या मारायला लावणारा मीच होतो.

आता दर महिन्याला वर्गाच्या भिंतीवर खडूनं उंचीची रेघ मारतो. महिन्यात सेंटिमीटरभर वाढ दिसली, की सूर आणि उठाबशा कमी, हुलकावणी आणि नजरेचा सराव जास्त. एका पायावर अर्धं बसवतो. गुडघा आत कलला तर आधी मांडी-कुल्ल्याचे व्यायाम. उडीवरून उतरताना धप्प आवाज आला तरी थांबवतो. आठवड्याचे सरावाचे तास वयापेक्षा जास्त नकोत, 13 वर्षांच्या पोराला 13 पुष्कळ. आणि आपली काळी माती! वाळली की दगड. पाणी मारल्याशिवाय मैदानात उतरवत नाही.

बर्फावर स्केटिंग करणाऱ्या पोरांचंही दुखणं हेच, उडी आणि उतरणं. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेनं 2022 मध्ये वरिष्ठ गटाचं किमान वय 15 वरून टप्प्याटप्प्यानं 17 करायचं ठरवलं. आपल्याकडे बापच विचारतो, "सर, यंदा टीममध्ये घेताव ना?"

परवा सातवीतली एक पोरगी पाय बाजूला काढून बसली. ओरडलो नाही. कुठं दुखतं विचारलं, तर तिनं वाटीखाली नेमकं बोट ठेवलं. भिंतीवर पाहिलं, दोन महिन्यांत अडीच सेंटिमीटर. शिट्टी आणि घड्याळ तिच्या हाती दिलं. सध्या रुसली आहे.