निबंधाचा ठावठिकाणा
श्वेत बटू ताऱ्याच्या वस्तुमानाला कमाल मर्यादा असते, हे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी 1931 साली एका दोन पानी निबंधात मांडले. नासाच्या साहाय्याने उभारलेल्या खगोलभौतिकीच्या संगणकीय संग्रहात तो सापडतो. नुसते 'चंद्रशेखर' शोधाल, तर त्या नावाच्या इतरांचेही निबंध पुढे येतील. म्हणून लेखकाच्या रकान्यात नाव व वर्षाच्या रकान्यात 1931 घाला. यादी आटोपशीर होईल.

मित्राला कळवताना मात्र यादी पाठवू नका. नव्या नोंदींची भर पडली की ती बदलते. नोंदीचा 19 चिन्हांचा संकेतांक द्या. त्यात वर्ष, नियतकालिक, खंड 74, पृष्ठ 81 आणि लेखकाच्या नावाचे आद्याक्षर गुंफलेले असते. त्यावरून मित्र नेमक्या त्याच निबंधापाशी पोहोचेल आणि तुमचे विधान स्वतः पडताळून पाहील. विज्ञानात भिस्त असते ती या पडताळ्यावरच!